आवेश कोणाच्या खर्चाने?



गोदाकाठच्या श्रोत्यांसमोर बोलायला उभं राहणं सोपं नाही. सायखेड्यात, नदीपलीकडे चांदोरीत, या सगळ्या पट्ट्यात सप्ताह ऐकत माणसं मोठी होतात. पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सात रात्री सात वेगवेगळे आवाज ऐकायचे आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन ऐकून महाप्रसादाला बसायचं. असं ज्याचं लहानपण गेलं, त्याला बोलणाऱ्याचा गळा खरंच भरून आलाय की भरून आणलाय, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. म्हणून मी विषयही तुमच्याच मांडवातला घेतला आहे. धर्माच्या नावानं बोलणाऱ्या माणसाचा आवेश, हा तो विषय.

आवेश चांगला की वाईट? हा वाद आपण पिढ्यान् पिढ्या घालतो आहोत आणि त्यातून हाती काही लागत नाही. आवेश नसता तर वारी उभी राहिली नसती, संतांचं काम उभं राहिलं नसतं, गावोगावच्या शाळा उभ्या राहिल्या नसत्या. आणि हाही अनुभव खोटा नाही, की एका रात्रीच्या आवेशी भाषणानं शेजारची घरं जळालेली आहेत. तेव्हा नुसत्या आवेशाचं मोजमाप करून उपयोग नाही. मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. या आवेशाचा खर्च कोण भरतो? बोलणारा स्वतः भरतो? ऐकणारा भरतो? की त्या सभेत नसलेला, ज्याला कुणी विचारलंसुद्धा नाही असा तिसराच माणूस भरतो? आजच्या सगळ्या बोलण्यात मी हा एकच प्रश्न हातात धरणार आहे.

आणि तो विचारायला यासारखी जागा नाही. जरा आपल्या परिसराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपलं तालुक्याचं गाव निफाड. तिथे 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. पूर्वेला येवला. तिथे 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. शेजारच्या सिन्नर तालुक्यात देशवंडी, वामनदादा कर्डकांचं जन्मगाव. नदीच्या वरच्या अंगाला नाशिक. काळाराम मंदिराचे ते बंद दरवाजे तिथले, साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली तो तुरुंग तिथला, गाडगेबाबांची धर्मशाळा तिथली. नाशिकजवळच जलालपूर, लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव. आणि उगमाशी त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी. धर्मासाठी पेटून बोलणारी, पेटून लिहिणारी, पेटून गाणारी इतकी माणसं एका जिल्ह्याशी बांधलेली आहेत. मग आवेशाची परीक्षा करायला आपण बाहेर कशाला जायचं?

आधी कीर्तनाकडेच बघू. त्यात आवेश चढतो कसा? तुम्ही हे शेकडो वेळा अनुभवलं आहे, पण अनुभवताना आपण बघत नसतो. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो. सुरुवात खालच्या पट्टीत. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला पखवाज, एका कडेला वीणा. अभंगाचा एकेक शब्द सोडवत तो पुढे जातो. मध्येच प्रमाण देतो, म्हणजे ज्ञानोबांची ओवी नाहीतर दुसऱ्या संताचा अभंग. त्याचं अर्धं म्हणून होतं न होतं, तोच मागची मंडळी उचलून धरतात. लय वाढते. टाळ्या पडायला लागतात. ठेका दुगुणात जातो, पुढच्या ओळीतले म्हातारे डोलायला लागतात, गजर टिपेला पोचतो. आणि तिथे कीर्तनकार हात वर करतो. एकदम शांतता. त्या शांततेत, अगदी घरातल्यासारख्या आवाजात, तो एक वाक्य बोलतो.

मंडळी, त्या वाक्याचं मोल ओळखा. त्या क्षणी हजार माणसांचं मन एकाच वेळी उघडं असतं. हिशेब करणारं, शंका काढणारं मन बाजूला झालेलं असतं. तेव्हा कानावर पडेल ते आत जातं आणि राहतं. 'दारू सोड' हे वाक्य आत जातं. 'अमक्या लोकांशी व्यवहार तोडा' हे वाक्यसुद्धा तितक्याच सहज आत जातं. लय दोन्हींना सारखीच साथ देते. पखवाजाला काय ठाऊक, पुढे काय बोललं जाणार आहे?

वारकरी परंपरेला ही शक्ती नीट ठाऊक होती. म्हणून तिनं बोलणाऱ्याभोवती कुंपणं घातली. पहिलं कुंपण प्रमाणाचं. मनाला आलं ते बोलायचं नाही, संतवचनाचा आधार द्यायचा, आणि तोही श्रोत्यांना पाठ असलेला. चुकीचा दिला तर पुढे बसलेला माळकरी तिथल्या तिथे मान हलवतो. दुसरं कुंपण नमस्काराचं. श्रोता कीर्तनकाराच्या पाया पडतो आणि कीर्तनकार श्रोत्याच्या. व्यासपीठावर उभा आहे म्हणून तो वरचा ठरत नाही. आणि तिसरं कुंपण सगळ्यांत कडक, ते तुकोबारायांनी घातलं. जिथे कीर्तन करायचं तिथलं अन्न घ्यायचं नाही, मानपान घ्यायचा नाही, पैशाचा तर विषयच नाही. देणारा आणि घेणारा, दोघेही त्यांनी दोषी धरले. तुकोबा इतके कठोर का झाले? इतक्या मोकळ्या मनासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या मनातून काही उचलून न्यायची मुभा असता कामा नये, हे त्यांना दिसत होतं. कीर्तनकाराचा आवेश श्रोत्याच्या खर्चानं चालू नये, एवढाच त्या कडकपणाचा अर्थ मी घेतो.

आता या कसोटीवर पुरेपूर उतरलेला माणूस बघू. गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात आले की आधी झाडायला लागायचे. गल्ली, ओटा, देवळासमोरची जागा, सगळं झाडायचं. लोक गोळा व्हायचे आणि बाबांच्या मागे स्वतःही झाडायला लागायचे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. म्हणजे बोलण्याआधी बोलणाऱ्याचा खर्च देऊन झालेला असायचा. अंगमेहनतीनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि कीर्तन कसं? ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्यांकडून काढून घ्यायचे. देव किती, असं विचारायचे. लोक ओरडून सांगायचे, एक! मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा आहे? आहे. मग किती झाले? लोक हसायचे, आणि हसता हसता आपणच आपल्या नवसा-सायासांचा, बोकड कापण्याचा हिशेब मांडून बसायचे. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा पण पोराला शाळेत घाला. नामाचा गजर मोठा, आवेशही मोठा, आणि त्या आवेशातून निघणारी मागणी मात्र रोजच्या व्यवहारातली. उद्या सकाळी उठून करता येईल अशी. शिवाय ती श्रोत्याच्या स्वतःच्या घराविषयी असायची. शेजाऱ्याला दुरुस्त करायला बाबांनी कुणाला पाठवलं नाही.

त्यांच्या पाया पडायला कुणी वाकलं की बाबा दूर पळायचे. कोकणात कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हा प्रसंग तुम्ही ऐकलेला आहे. मी तो सांगताना दरवेळी अडखळतो, कारण घरी राहिलेल्या त्या आईचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. त्यावर पुढे बोलणार आहे. पण पैशाचं बघा. लोकांनी लाखो रुपये दिले. नाशिक, पंढरपूर आणि इतर ठिकाणी धर्मशाळा झाल्या, शाळा झाल्या, वसतिगृहं झाली. घरच्यांच्या वाट्याला त्यातलं काही गेलं नाही. पंढरपूरच्या वारीत त्यांनी घाट झाडले आणि विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे. मिळवून जरूर ऐका. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, तरी समोरच्यांना एकेका प्रश्नानं हलवून सोडतो. त्याच वर्षी 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि 20 डिसेंबरला गाडगेबाबा.

आता थोडं लांब जाऊ, कारण खऱ्या तळमळीच्या माणसाचंही कुठे बिघडतं, ते दाखवणारं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. अठराव्या शतकात जॉर्ज व्हिटफील्ड नावाचा इंग्रज धर्मोपदेशक अमेरिकेत गेला. माईक नव्हता, मांडव नव्हता. उघड्या मैदानात, रस्त्यावर उभा राहून तो बोलायचा. फिलाडेल्फियात त्याचं भाषण चालू असताना बेंजामिन फ्रँकलिन आवाज कुठवर येतो हे बघत पाठीमागे चालत गेला आणि त्यानं हिशेब मांडला, की हा आवाज तीस हजारांहून अधिक लोकांना ऐकू जाईल. फ्रँकलिन मोठा व्यवहारी आणि शंकेखोर माणूस. व्हिटफील्ड अनाथालयासाठी मदत मागत होता. एक पैसाही द्यायचा नाही, असं ठरवून फ्रँकलिन एका सभेला गेला. खिशात तांब्याची नाणी, चांदीची नाणी आणि सोन्याची नाणी होती. भाषण जरा रंगल्यावर त्याला वाटलं, तांबं तरी देऊ. आणखी रंगल्यावर चांदी द्यावीशी वाटली. भाषण संपलं तेव्हा त्यानं सगळा खिसा रिकामा केला. हे त्यानं स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहिलं आहे.

इथवर ही गोष्ट आपल्यालाही आवडते. पण पुढची आपण सहसा ऐकत नाही. त्याच व्हिटफील्डनं सुरुवातीला गुलामांच्या मालकांना त्यांच्या क्रूरपणाबद्दल जाहीरपणे फटकारलं होतं. पुढे त्याचं अनाथालय जॉर्जियात चालवणं परवडेना. जॉर्जियात तेव्हा गुलामगिरीला बंदी होती. ही बंदी उठवा, असं म्हणणाऱ्यांत हा धर्मोपदेशक सामील झाला. 1751 मध्ये बंदी उठली, आणि तो स्वतः गुलामांचा मालक झाला. अनाथ पोरांसाठी त्याच्या डोळ्यांत येणारं पाणी खोटं होतं का? मला नाही वाटत. ते पाणी खरं होतं, म्हणून तर फ्रँकलिनचा खिसा रिकामा झाला. पण त्या कळवळ्याचा खर्च शेवटी शेतात राबणाऱ्या, सभेत ज्यांना कधी जागा मिळाली नाही अशा माणसांच्या पाठीवर पडला. बोलणारा मनापासून बोलतो, एवढ्यावर निकाल देता येत नाही, तो याचसाठी. मनापासून बोलणाऱ्या माणसालाही विचारावं लागतं: बाबा रे, याचे पैसे कोण देतंय?

आता परत येऊ आपल्या नदीवर. 2 मार्च 1930. नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा पहिला दिवस. हजारोंची मिरवणूक मंदिरावर गेली, दरवाजे बंद होते, मिरवणूक गोदेच्या घाटावर वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर स्त्री-पुरुष सत्याग्रही बसले. या सगळ्याची बांधणी दादासाहेब गायकवाडांची. तेही आपल्याच जिल्ह्याचे, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. रामनवमीला रथाच्या वेळी दगड पडले, माणसं रक्तबंबाळ झाली. कल्पना करा, शतकानुशतकांचा अपमान पोटात असलेली हजारो माणसं, समोर बंद दार आणि अंगावर दगड. अशा जमावाला पेटवायला किती बोलावं लागतं? एक वाक्य पुरतं. आणि त्याला शिस्तीत बसवायला किती बोलावं लागतं? आपण आवेशी वक्ता म्हणतो तो लोकांना उठवणाऱ्याला. उठलेल्या लोकांना आवरून धरणाऱ्या वक्त्याचा आवेश माझ्या मते कितीतरी पटींनी मोठा आहे, आणि बाबासाहेबांकडे तो होता.

मग येवला. पाच वर्षं सत्याग्रह करून दार उघडलं नव्हतं. येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. देशभर खळबळ उडाली. पण पुढे काय झालं ते बघा. दुसऱ्या दिवशी धर्मांतर झालं का? पुढच्या महिन्यात झालं का? 1936 च्या मे महिन्यात मुंबईत त्यांनी धर्मांतरावर एक लांबलचक, मुद्देसूद भाषण केलं. त्यात धर्म म्हणजे काय, माणसाला तो कशासाठी हवा, बदलायचा तर का, हे वकिलाच्या काटेकोरपणानं मांडलं. वाचन चालू, विचार चालू, चर्चा चालू. आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात. मधे एकवीस वर्षं गेली. एवढ्या ज्वलंत वाक्याला एकवीस वर्षं सांभाळायचं, ते विझू द्यायचं नाही आणि त्याचा भडकाही उडू द्यायचा नाही. लाखो लोकांनी आपल्या शब्दावर पाऊल टाकायचं, तर आधी आपण तो शब्द पुरता तपासून घेतला पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून दिली. सभेत टाळ्या घेणं आणि असा शब्द बोलणं, यांतलं अंतर तरुणांनी विशेष समजून घ्यावं असं मला वाटतं.

हा शब्द वाड्या-वस्त्यांवर कुणी पोचवला? जलसेकऱ्यांनी आणि शाहिरांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, रात्र-रात्र गावोगाव केला आणि पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवलं. तमाशाचा बाज तोच, पण राजा-राणीच्या जागी सावकार, तलाठी, पाणवठा आणि शाळा आली. आणि वामनदादा! 1922 सालचा जन्म. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं, आणि 2004 मध्ये डोळे मिटेपर्यंत ते गातच राहिले. घरदार, बिदागी, नावलौकिक यांचा विचार न करता ज्या वस्तीवर बोलावलं तिथे गेले, मिळेल ते खाल्लं, पुढच्या वस्तीला निघाले. तुकोबांच्या कीर्तनाच्या नियमात हा शाहीर चपखल बसतो. दोघांचा धर्म वेगळा म्हणा हवं तर. बोलणाऱ्याच्या सचोटीचा नियम मात्र एकच आहे.

आवेश म्हणजे मोठा आवाज, हा एक गैरसमज मात्र इथेच दूर केला पाहिजे. निफाडात जन्मलेले रानडे बघा. न्यायाधीश, अर्थशास्त्राचे अभ्यासक, भारदस्त, संथ बोलणारे. प्रार्थना समाजात त्यांनी दिलेली धर्मपर व्याख्यानं छापलेली आहेत. वाचताना कुठेही आरडाओरडा नाही. पण हाच माणूस घरी अभंग म्हणताना भरून यायचा, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे. संतांच्या भक्तीच्या लाटेनं महाराष्ट्र एक केला आणि पुढच्या राज्याला जमीन तयार करून दिली, हा विचार त्यांनी 1900 साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरच्या इंग्रजी ग्रंथात मांडला. आवेशाची ताकद इतकी ओळखणारा माणूस स्वतः बोलताना इतका संयमी! त्यांना आवेश नव्हता असं कोण म्हणेल?

किंवा धुळ्याचा तुरुंग घ्या, साल 1932. विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर कैदी. विनोबांचं बोलणं कोरडं वाटावं इतकं स्वच्छ. आणि ते उतरवून घेणारा कोण? साने गुरुजी, ज्यांचे डोळे भरायला कारण लागत नसे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळालं ते या दोन स्वभावांच्या जोडीमुळे. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, तीही काही दिवसांत. गुरुजींच्या रडण्याला नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना 1947 साल दाखवावं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, सेनापती बापट त्यांच्या जोडीला. आणि मंदिर उघडेना तेव्हा 1 मे ला पंढरपुरात उपोषणाला बसले. 10 मे ला उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं. काळारामाचं दार मिरवणुकांनी उघडलं नव्हतं, त्याच प्रकारचं दार इथे अखेर उघडलं. गुरुजींनी बडव्यांच्या अंगावर कुणाला पाठवलं नाही, स्वतःची भूक पुढे ठेवली. अश्रूंवर विश्वास कधी ठेवायचा, तर त्यांच्या मागे असं काही उभं असेल तेव्हा.

पण मघाशी मी एक प्रश्न राखून ठेवला होता. आवेशी माणूस स्वतःचा सगळा खर्च देतो, हे मान्य. त्याच्या घरचं कोण देतं? इथे मला लक्ष्मीबाई टिळकांचं बोट धरायचं आहे. जलालपूरची ही मुलगी, 1868 चा जन्म. लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. कवी, वक्ते, कीर्तनकार, आणि धर्माच्या शोधात अक्षरशः पेटलेला माणूस. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंना कळलं ते नंतर. पाच वर्षांच्या आसपास नवरा-बायको वेगळी राहिली. अखेर 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही दीक्षा घेतली, ती स्वतः विचार करून, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही. टिळकांनी पुढे ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन आणलं, कीर्तन आणलं. परक्या चालींवर गाणाऱ्या लोकांना आपल्या मातीतला सूर दिला. काम मोठं, माणूस निःसंशय मोठा. पण 'स्मृतिचित्रे' वाचा म्हणजे कळेल, की अशा उदार माणसाचा संसार म्हणजे काय असतं. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला दिलेला. घरात वाटेवरचा कुणीही आणून ठेवलेला. आणि या सगळ्यांसाठी चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. त्यांनी हे कडवटपणानं लिहिलेलं नाही, प्रेमानं आणि हसत लिहिलं आहे. पण लिहिलं आहे सगळं. मराठीत धर्मवेडाचा इतका प्रामाणिक जमाखर्च दुसऱ्या कुणी मांडलेला मला माहीत नाही.

मला लक्ष्मीबाईंचं पुस्तक प्रत्येक प्रवचनकाराच्या, कीर्तनकाराच्या आणि पुढाऱ्याच्या घरात असावं असं वाटतं. महाराज रात्री दोनला घरी येतात, पहाटे पुढच्या गावाला निघतात, तेव्हा घरातलं आजारपण, पोरांचं शिक्षण, म्हाताऱ्या सासूचं अंथरूण हे सगळं कोणावर पडतं? ज्या व्यासपीठावरून मातृभक्तीवर दोन तास बोललं जातं, तिथेच सप्ताहाची भाकरी थापणाऱ्या बाया मांडवाच्या मागे असतात आणि कीर्तनाचा अर्धा भाग त्यांच्या कानावरही पडत नाही. गावातल्या घराघरातून भाकरी येते, आमटीच्या कढया चढतात, हजारोंच्या पंगती उठतात. हे वैभवच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण भाकऱ्या थापणाऱ्या हातांना एका रात्रीची तरी सुट्टी देऊन पुढच्या सतरंजीवर बसवता येणार नाही का? त्या रात्री पुरुषांनी चूल सांभाळली तर पांडुरंग रागावेल, असं मला वाटत नाही.

आता आजच्या काळाविषयी थोडं, आणि मी थांबतो. आज बोलणाऱ्याच्या हातात पूर्वी नव्हती अशी साधनं आहेत. माईक आहे, प्रतिध्वनी देणारी यंत्रं आहेत, मांडवात कॅमेरा आहे. दोन तासांच्या कीर्तनातलं तीस सेकंदांचं वाक्य कापून सकाळपर्यंत जिल्हाभर जातं. आणि कापलं कोणतं जातं? दारू सोडा, हे वाक्य कापलं जात नाही. कुणाचा तरी पाणउतारा केलेला असतो, बायकांच्या कपड्यांवर टिंगल केलेली असते, दुसऱ्या जातीला नाहीतर दुसऱ्या धर्माला डिवचलेलं असतं, ते जातं. मग बोलणाऱ्यालाही कळतं, की काय बोललं की पसरतं. हळूहळू प्रमाणाच्या जागी टोमणा येतो. पुढे बसलेला माळकरी मान हलवायचा, ती मान मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. परंपरेनं घातलेल्या तीन कुंपणांपैकी पैशाचं कुंपण तर केव्हाच मोडलं. कीर्तनाची तारीख घेताना आधी आकडा ठरतो, हे इथल्या कुणालाही नवीन नाही. प्रवासखर्च द्यावा, जो माणूस आयुष्य या कामाला देतो त्याच्या पोटाची सोय करावी, याला माझा विरोध नाही. पण ज्या गावात द्राक्षाचा हंगाम बुडालाय, कांद्याला भाव नाही, तिथे वर्गणीतून हजारोंची पाकिटं जाणार असतील, तर तो आवेश कोणाच्या खर्चानं चाललाय, हे विचारण्याचा हक्क वर्गणी देणाऱ्याला आहे.

त्यातला सगळ्यांत मोठा खर्च मला पैशाचा वाटत नाही. सभेत नसलेल्या माणसावर जो खर्च टाकला जातो, तो सगळ्यांत मोठा. आपल्या गावातलं एखादं घर, चार-दोन कुटुंबांची वस्ती, वेगळ्या देवाला मानणारी किंवा वेगळ्या जातीची. ती माणसं मांडवात नसतात. मांडवात त्यांच्याविषयी बोललं जातं, हशा पिकतो, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोर शाळेत जातं, त्यांचा माणूस दुकानात जातो, आणि रात्रीच्या टाळ्यांचा खर्च त्यांना मोजावा लागतो. ज्या परंपरेत चोखोबा, जनाबाई, गोरोबा, सावतोबा, शेख महंमद एका रांगेत बसलेले आहेत, तिच्या मांडवात हे घडत असेल तर ते पाप आहे, असं मी स्पष्ट शब्दांत म्हणतो.

म्हणून सप्ताह कमिटीच्या मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे. महाराज ठरवताना त्यांचा आवाज किती चढतो, किती लोक जमतात, त्यांचे व्हिडिओ किती चालतात, हे विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. मागच्या गावात कीर्तन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे काय झालं? एखाद्याची दारू सुटली का, भांडलेले भाऊ बोलायला लागले का? महाराजांनी स्वतःचं काय सोडलं आहे? आणि मांडवात नसलेल्या माणसाविषयी ते कसं बोलतात? उत्तरं समाधानाची नसतील तर नारळ परत घ्या. काल्याचं कीर्तन गावातल्याच एखाद्या वृद्ध माळकऱ्याला करायला सांगा. त्याचा आवाज कापेल, त्याला चाल लागणार नाही, तरी चालेल.

आणि मागे उभ्या असलेल्या मुलांनो, तुमच्यातल्या ज्यांना बोलता येतं, ज्यांच्या शब्दावर वर्ग शांत होतो, त्यांनी घाबरू नका. जरूर बोला, पेटून बोला. गोदाकाठाला तुमचा आवाज हवा आहे. फक्त व्यासपीठावर चढण्याआधी त्या गावातलं एखादं काम स्वतःच्या हातानं करा. आपलं गाव असेल तर नदीचा घाट आहेच. पुराचा गाळ आणि निर्माल्य दरवर्षी साचतं. उद्या रविवार आहे, सकाळी सात वाजता मी तिथे खराटा घेऊन असेन. तुम्ही या.